घरच्या मीटरचे रीडिंग दर तासाला मिळण्याबाबत

प्रति,
मा. आश्लेषा दातार,
व्यावसायिक आरोग्य व सुरक्षा अधिकारी,
हंसदीप विद्युत सेवा प्रा. लि.,
महादेवपुरा, बेंगळुरू.

अर्जदार : बिंदुमाधव राव, वरिष्ठ ऑपरेटर, 'अ' उपकेंद्र (सध्या बसण्याची जागा : कक्ष क्र. ७), राहणार जयनगर.

विषय : वैद्यकीय रजेवर असलेले ऑपरेटर श्री. विठोजी राव यांनी त्यांच्या राहत्या घरच्या वीजमीटरचे रीडिंग दर तासाला टेलिफोनवरून मला कळवावे, असा कार्यालयीन आदेश काढण्याबाबत.

संदर्भ : (१) चुंबकीय क्षेत्र मोजणीविषयी आपले पत्र, दि. २० जानेवारी २०२५.
(२) माझा इंग्रजी अर्ज, दि. २२ मे २०२५. पोर्टलवर त्याचे तिकीट, म्हणजे तक्रार-नोंद, झाले व उत्तराविना तिकीट बंद झाले.
(३) माझा कन्नड अर्ज, दि. २ जून २०२५. उत्तर जिन्यात तोंडी मिळाले : "सरी, नोडोणा." म्हणजे, ठीक आहे, बघू.
(४) 'अ' उपकेंद्राची नोंदवही, जुलै ते सप्टेंबर २०२४.

महोदया,

१. सविनय सादर करतो की, हा माझा तिसरा अर्ज आहे, आणि तो मराठीत का, याचा खुलासा आधी करणे भाग आहे. कंपनीत मराठी चालत नाही हे मला ठाऊक आहे. परंतु मोजणीच्या दिवशी आपण पॅनेलरूममध्ये गुडघ्यावर बसून माझ्या खुर्चीपाशी आकडे घेत असताना आपल्या मातोश्रींचा फोन आला, आणि "आई, गोळी घेतलीस का? मग आधी जेव ना गं," असे आपण म्हणालात. मी मोजपट्टीचे दुसरे टोक धरून उभा होतो. या इमारतीत माझा अर्ज वाचू शकेल असे एक माणूस आहे, हे मला त्या क्षणी कळले. माझे मराठी आपल्या पुण्यासारखे नाही. आमची घराणी साडेतीनशे वर्षांमागे इकडे आली, तेव्हापासून उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर कन्नड. मध्येच एखादा कन्नड शब्द आला तर सांभाळून घ्यावे.

२. आपण कंपनीत नवीन आहात म्हणून जुनी पद्धत सांगतो. महादेवपुऱ्याचे 'अ' उपकेंद्र व व्हाइटफील्डचे 'ब' उपकेंद्र, दोन्ही आपलीच. दोहोंना जोडणारी एक लाइन आहे. त्या लाइनवर किती वीज वाहते याचे आकडे दर तासाला दोन्ही टोकांना घ्यायचे, टेलिफोनवर एकमेकांना वाचून दाखवायचे. ऐकणाऱ्याने ते जसेच्या तसे परत म्हणायचे, सांगणाऱ्याने "बरोबर" म्हणायचे, आणि मगच वहीत लिहायचे. ऐकू नीट आले नाही तर शेरा या रकान्यात तसे नोंदवायचे. सतरा वर्षे पहिल्या पाळीत, सकाळी सहा ते दुपारी दोन, 'अ' च्या टोकाला मी आणि 'ब' च्या टोकाला श्री. विठोजी राव. ते माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना अण्णा म्हणतो. ते मला माधवराव म्हणतात. पाळी एकच असल्यामुळे आमची प्रत्यक्ष भेट सतरा वर्षांत एकदाही झाली नव्हती, हे वाचून आपण हसाल. आमच्या घरीही हसायचे.

३. रीडिंग घेतल्यावर टेलिफोनवर अधिक बोलू नये असा नियम आहे. तो आम्ही रोज स्वल्प मोडत होतो, हे येथे लेखी कबूल करतो. सहाला कॉफी झाली का, आठला डब्यात काय, अकराला गुडघा कसा आहे, एवढेच. त्यांच्या डाव्या गुडघ्याची माझ्याइतकी माहिती त्यांच्या डॉक्टरांना नसेल. त्यांच्या घरी पुरणाला किती जायफळ घालतात, रत्नावहिनी कोणत्या वारी त्यांच्याशी बोलत नाहीत आणि का, हे सगळे मला ठाऊक. सांगणे एकच की हे सर्व मराठीत होत असे. माझे घर तीन खोल्यांचे आहे आणि त्यात मी एकटा आहे.

४. या संदर्भात एक पूर्वोदाहरण नोंदवणे आवश्यक वाटते. माझी पत्नी पद्मावती चार वर्षांपूर्वी गेली. आम्हांला मूलबाळ नाही. तेराव्यानंतर मी कामावर हजर झालो, त्या दिवशी सकाळी साडेसहाला फोन वाजला. रीडिंग तासाला असते, साडेसहाला नसते. अण्णा म्हणाले, "माधवराव, लोड फार हलतो आहे, काही दिवस अर्ध्या तासाने घेऊ या." मी पॅनेलकडे बघितले, तर काटा दगडासारखा स्थिर. तरी मी आकडा वाचून दाखवला. एक महिना आम्ही अर्ध्या तासाने रीडिंग घेतले. वहीत त्यातले एकही नाही. कंपनीच्या दृष्टीने ती रीडिंगे झालीच नाहीत, पण त्यांच्यामुळे मी कामावर येत राहिलो. असो.

५. गेल्या वर्षी अण्णांचा आवाज बदलला. बोलणे जड झाले, जीभ वळेना. नोव्हेंबरमध्ये मोठ्या इस्पितळात निदान झाले : हालचालीच्या नसा झिजत जाण्याचा आजार, आणि यांचा जिभेपासून सुरू झालेला. हातापायांना अजून काही नाही. डॉक्टर म्हणतात, पुढे होईल. कंपनीने त्यांना रजेवर पाठवले, आणि वीज केंद्रात काम करणाऱ्याला असा आजार झाला म्हणून आपल्याला मोजणीस पाठवले. दोन्ही गोष्टी योग्यच झाल्या, माझी त्याबद्दल काही तक्रार नाही.

६. तक्रार मोजणीनंतरची आहे. आपण दोन्ही केंद्रांत खुर्च्यांशी डोक्याच्या उंचीवर क्षेत्र मोजले. माझ्या खुर्चीपाशी एक्केचाळीस मायक्रोटेस्ला भरले, कारण मागच्या भिंतीतून जाडजूड केबली जातात, आणि टेलिफोनची वायर आखूड म्हणून मी खुर्ची त्या भिंतीलाच लावून बसत असे. कामगारांसाठीची मर्यादा हजार आहे, माझ्या खुर्चीचा आकडा तिच्या कितीतरी खाली आहे, असे आपणच मला समजावून सांगितलेत. आपण दिलेले माहितीपत्रक मी चार वेळा वाचले. विजेच्या कामगारांत असे आजार किंचित जास्त आढळतात असे काही अभ्यास म्हणतात, काही म्हणत नाहीत, कारण सिद्ध झालेले नाही, तरी खबरदारी घ्यावी. एवढे स्वच्छ लिहिलेले कागद कंपनीत क्वचित मिळतात. परंतु त्याच अहवालाच्या दुसऱ्या पानावर 'ब' केंद्रातील अण्णांच्या खुर्चीचा आकडा आहे. तो सहा आहे.

७. माझ्या खुर्चीपाशी एक्केचाळीस, त्यांच्या खुर्चीपाशी सहा, आणि आजार त्यांना. यातून मी कोणताही निष्कर्ष काढत नाही, माहितीपत्रकात तशी मनाई आहे. पण मॅडम, माणूस आहे, मनात येतेच. रात्री जेवताना येते, केस विंचरताना येते. हिशोबाने बघितले तर तो आजार माझ्या खुर्चीवर यायला हवा होता. तो पत्ता चुकून पुढच्या केंद्रावर उतरला, असे काहीतरी खुळे मनात येते. हे कोणाला सांगावे, तर ज्याला सांगायचो तोच आजारी.

८. खबरदारी म्हणून मला पॅनेलरूममधून काढून कक्ष क्र. ७ मध्ये बसवण्यात आले. येथे पूर्वी प्रशिक्षणाच्या खुर्च्या रचून ठेवत. येथील क्षेत्र शून्य दशांश एक मायक्रोटेस्ला आहे, आपणच मोजले आहे. येथे एक पडदा आहे, त्यावर दोन्ही केंद्रांचे आकडे आपोआप येतात. कोणी कोणाला वाचून दाखवायचे नाही, कोणी परत म्हणायचे नाही. टेलिफोन काढला. माझे काम, आकडा लाल झाला तर बघणे. पाच महिन्यांत तो लाल झालेला नाही. सोमवारी आणि गुरुवारी पाण्याचा कॅन बदलायला माणूस येतो, तो कानात गाणी घालून येतो. मॅडम, माझ्या मेंदूला या खोलीत काहीही लागत नाही. चुंबक लागत नाही, वारा लागत नाही, माणूसही लागत नाही. इतकी काळजी आजवर कोणी घेतली नव्हती!

९. माझी दुसरी एक वर्तणूक आपल्या कानावर आली असेल, म्हणून खुलासा करतो. दर तासाला मी पडद्यावरचे आकडे मोठ्याने वाचतो. हे खरे आहे. वेड लागलेले नाही. माझी जीभ जड होते आहे का, हे ऐकण्यासाठी वाचतो. आजवर जड झालेली नाही. वाचून झाल्यावर मी स्वल्प थांबतो, इतक्या वर्षांची सवय आहे. परत कोणी म्हणत नाही. मग मीच "बरोबर" म्हणतो.

१०. दि. ११ मे रोजी, रविवारी, मी अण्णांना भेटायला गेलो. जयनगरहून मेट्रो, मॅजेस्टिकला बदलली, शेवटपर्यंत व्हाइटफील्ड, तिथून रिक्षा. हातात चाफ्याची चार फुले आणि चकलीचा डबा. चकली गिळता येत नाही हे मला तिथे गेल्यावर कळले. दार रत्नावहिनींनी उघडले. मी नाव सांगायच्या आत आवाजावरून ओळखले आणि रडायलाच लागल्या. अण्णा खिडकीशी बसले होते. मी त्यांना उंच आणि काळे धरले होते, ते ठेंगणे आणि गोरे निघाले. सतरा वर्षे मी भलत्याच माणसाशी बोलत होतो असे क्षणभर वाटले.

इथून पुढे कलमांचे आकडे घालत नाही, आणि स्वल्प घरच्यासारखं लिहितो. वर लिहिलेली भाषा मला आता पुरत नाही.

अण्णा बोलेनात. हाताने बसा म्हणाले, हसले, आणि मान खिडकीकडे. वहिनी म्हणाल्या, अकरा दिवस झाले, तोंडातून शब्द नाही. बोलता येतं, अजून येतं, डॉक्टर म्हणतात जेवढं बोलाल तेवढं टिकेल. पण स्वतःचा आवाज ऐकला की यांना लाज वाटते. पोरगी मुलाला घेऊन आली होती, नातवाशीसुद्धा बोलले नाहीत. मुलगा घाबरेल म्हणतात. कागदावर लिहून म्हणतात.

मी अर्धा तास बसलो. फोनवर माझी जीभ सुटायची, समोरासमोर मला काही सुचेना. कॉफी झाली का विचारलं, त्यांनी मान हलवली. गुडघा विचारला, त्यांनी हाताने 'बरा' केलं. मला मनातून रडू येत होतं आणि दारातल्या घड्याळात अकरा वाजत होते. दाराशी त्यांचा विजेचा मीटर आहे, जुना, चाक फिरणारा. दुसरं काही सुचत नाही म्हणून मी उठलो, मीटरपाशी गेलो आणि सवयीने मोठ्याने वाचलं, "अकरा वाजता. सत्तावीस, आठशे बेचाळीस."

मागून आवाज आला, "सत्तावीस. आठशे. बेचाळीस."

जड होता. ओला होता. पण एकेक आकडा वेगळा ऐकू येत होता. मी वळलो नाही, वळलो असतो तर ते गप्प झाले असते. मी म्हणालो, "बरोबर." स्वयंपाकघरात वहिनींच्या हातातलं भांडं खाली पडलं. अकरा दिवसांत त्या घरात पहिल्यांदा त्यांचा आवाज निघाला होता, मॅडम, आणि तो मीटरच्या आकड्यांसाठी निघाला. नातवासाठी निघाला नाही, बायकोसाठी निघाला नाही. रागावू नका त्यांच्यावर. आपल्या माणसांशी बोलताना आवाज चांगला लागतो. रीडिंगला फक्त आकडा बरोबर लागतो.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली आणि दहा वाजता घरून फोन केला. वहिनींनी त्यांच्या कानाला लावला. मी माझ्या घरच्या मीटरचं रीडिंग सांगितलं. पलीकडे श्वास ऐकू येत होता, शब्द नाही. मी पुन्हा सांगितलं. मग वहिनी फोनवर आल्या आणि त्यांनी कागदावर लिहिलेलं वाचून दाखवलं. "मी रजेवर आहे. रजेवरच्या माणसाने रीडिंग देणे-घेणे नियमात नाही. काल चुकून झाले. ऑर्डर आणा."

हा त्यांचा स्वभाव. पुढच्या पाळीचा रिलीव्हर येईपर्यंत खुर्ची सोडायची नाही, ताप असला तरी नाही. मी दोन दिवस त्यांच्यावर चिडलो. जीव जायची वेळ आली आणि हा माणूस नियम बघतो! मग मला कळलं की त्यांनी 'नको' लिहिलेलं नाही. 'ऑर्डर आणा' लिहिलं आहे. तेव्हापासून मी ऑर्डरच्या मागे आहे, आणि पहिले दोन अर्ज याचेच होते. त्यांत मी कारण नीट लिहिलं नव्हतं. इंग्रजीत लिहिताना कारण फार शहाणं झालं, कन्नडमध्ये लिहिताना फार छोटं झालं.

खरं कारण आता लिहितो. संदर्भ क्रमांक चार त्यासाठीच आहे.

जुलैमध्ये अण्णांचा आवाज जड यायला लागला तेव्हा तो पहिल्यांदा मला कळला. वहिनींना कळायच्या आधी. सतरा वर्षं रोज आठ वेळा ऐकलेला आवाज होता तो. त्या आवाजात केसभर फरक पडला तरी मला कळणार. मला वाटलं लाइन खराब झाली. म्हणून मी नियमाप्रमाणे शेऱ्यात लिहिलं, "ब केंद्राकडून आवाज अस्पष्ट, रीडिंग दोनदा घेतले." दुसऱ्या आठवड्यात पुन्हा लिहिलं. टेलिफोनवाला येऊन लाइन तपासून गेला, लाइन चोख होती. तो पुन्हा आला, पुन्हा चोख. मग मला कळायला हवं होतं. कळलंही होतं, खोटं कशाला लिहू. ऑगस्टच्या मध्यापासून मला कळत होतं की वायरीत काही नाही, माणसात आहे. तरी मी लिहीत राहिलो. चौदा वेळा. कारण ऐकू नीट आलं नाही तर लिहायचं, असा नियम आहे आणि मी नियमाचा माणूस आहे. माझी वही एकदाही कोणी खोटी म्हटलेली नाही, असा मला ताठा होता.

विचारायला हवं होतं. "अण्णा, जिभेला काही झालंय का?" एवढं एक वाक्य. गुडघ्याचं रोज विचारायचो, जिभेचं विचारायची भीती वाटली. भीती वाटली म्हणून विचारलं नाही, आणि जे विचारलं नाही ते वहीत लिहिलं.

सप्टेंबरच्या तपासणीत ते चौदा शेरे कोणीतरी ओळीने वाचले. अण्णांना बोलावलं, बोलायला सांगितलं, इस्पितळात पाठवलं. आजार काही माझ्या शेऱ्यामुळे झाला नाही, एवढी अक्कल मला आहे. पण त्यांचा आवाज कंपनीच्या वहीत दोष म्हणून चढवला तो मी, आणि त्यांचा टेलिफोन सुटला तो त्यामुळे. त्यांना हे माहीत आहे की नाही, मला माहीत नाही. त्या रविवारी मी तेच सांगायला गेलो होतो. चाफा आणि चकली घेऊन गेलो, आणि मीटर वाचून परत आलो.

मॅडम, आता माझी मागणी.

मला पॅनेलरूममधली खुर्ची परत नको. एक्केचाळीस असो की चारशे, तो वाद आपण आणि शास्त्रज्ञ घाला. कक्ष क्र. ७ मध्ये मी निवृत्तीपर्यंत बसायला तयार आहे. मला इथे एक टेलिफोन हवा आणि सोबत जोडलेल्या मसुद्यावर आपली सही हवी. मसुद्यात एवढंच लिहिलं आहे की श्री. विठोजी राव यांना वैद्यकीय कारणास्तव हलकं काम देण्यात येत आहे. त्यांनी सकाळी सहा ते दुपारी दोन या वेळेत, तब्येतीला झेपेल त्याप्रमाणे, घरच्या मीटरचं रीडिंग मला कळवावं आणि माझं परत म्हणावं. शिक्का गोल लावावा, चौकोनी नको. गोल शिक्का असलेलाच कागद ते खरा धरतात.

या रीडिंगचा कंपनीला काय उपयोग, असं वरचे विचारतील. काही नाही. त्यांचं घर आपल्या कुठल्याही लाइनवर येत नाही, हेही मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे कोणी शोधून काढायला नको. हलक्या कामाची तरतूद कंपनीच्या नियमपुस्तकात कलम अठरामध्ये आहे. ते काम उपयोगाचं असावं असं त्या कलमात कुठेही लिहिलेलं नाही. मी तीनदा वाचलं. आपणही वाचा, आणि वाटलं तर आपलं मोजायचं यंत्र घेऊन एकदा त्यांच्या घरी जा, मीटरपाशी आणि टेलिफोनपाशी क्षेत्र मोजा, अहवाल लिहा. अधिकारी स्वतः येऊन मोजून गेल्या म्हटल्यावर त्यांना खात्री पटेल की काम खरं आहे. जाताना मलाही न्या. मला तिथे काहीतरी कबूल करायचं आहे आणि एकट्याने पुन्हा जायचा धीर होत नाही.

या कामासाठी मी नवीन वही आणली आहे. त्यात तारीख, वेळ आणि आकडा एवढेच रकाने आहेत.

आता मुदतीचं. इंग्रजी अर्जात मी आदेशाची मुदत 'तीन महिने' लिहिली होती, जणू त्यांच्या आवाजाचीच मुदत. तसं लिहिल्याची मला लाज वाटते. डॉक्टरांनी वहिनींना सांगितलं आहे की आवाज दिवाळीपर्यंत टिकला तर टिकला. तिकीट उघडून बंद व्हायला दहा दिवस लागले. जिन्यातल्या उत्तराला आठ. मी हिशोबी माणूस, दिवस मोजतो. आपण हा अर्ज कोणाकडे 'पुढील कार्यवाहीसाठी' पाठवू नये अशी हात जोडून विनंती आहे. पुढे पाठवायला वेळ नाही. आपल्या टेबलावर पेन असेल. माझ्यावर दया करा असं मी म्हणत नाही, मला बोलायला कोणीतरी हवं आहे असं म्हणतो. त्यांनाही हवं आहे, फक्त ते नियमात बसवून हवं आहे.

म्हणून मसुद्यात मुदत 'पुढील आदेश होईपर्यंत' अशी घातली आहे, आणि खाली एक पोटकलम घातलं आहे. ते पोटकलम कायद्याच्या माणसाला विचित्र वाटेल, पण कृपया खोडू नका. आवाज बंद झाल्यावर श्री. विठोजी राव यांनी रीडिंग देण्याची गरज नाही. तेव्हापासून रीडिंग मी देईन, दर तासाला, आणि रत्नावहिनी फोन त्यांच्या कानाला लावतील. आकडा नीट ऐकू आला तर त्यांनी बोटाने फोनवर दोनदा वाजवावं. नाही आला तर एकदा वाजवावं, मी पुन्हा सांगेन. बोटही उचललं नाही, काहीच वाजलं नाही, तरी पुढच्या तासाला मी फोन करीन.

आपल्या सहीसाठी रोज दोन वाजेपर्यंत कक्ष क्र. ७ मध्ये थांबलेला,
आपला नम्र,

बिंदुमाधव राव
वरिष्ठ ऑपरेटर, 'अ' उपकेंद्र

बेंगळुरू,
दि. १९ जून २०२५

सोबत :
(१) आदेशाचा मसुदा, दोन प्रती. एक कार्यालयासाठी, एक अण्णांना हातात द्यायला.
(२) नोंदवहीतील चौदा शेऱ्यांची छायाप्रत. सर्व शेरे माझ्या अक्षरात आहेत.
(३) कलम अठराची प्रत, संबंधित ओळ अधोरेखित.
(४) माझ्या घरच्या मीटरचे आज सकाळी सहाचे रीडिंग : एकोणीस, तीनशे सात. आपण वाचल्यावर परत म्हटले नाही तरी चालेल.